कच्चा टाका

नाशिक
३ ऑगस्ट २०२५

लताबाई,

नमस्कार. शुक्रवारी फोन मी आपटला, हे खरं. त्याआधी तुम्ही मला लोखंडी काळजाची म्हणालात, हेही खरं. हर्षाली दोन्ही वेळा शेजारी उभी होती. काल दवाखान्यातली ड्युटी संपवून आली आणि चपला काढायच्या आधी म्हणाली, “आई, माझ्या मुलीच्या सायकलवरून तुम्ही आणि माझी आई यापुढे फोनवर बोलायचं नाही. कागदावर बोला. दोघींचं एकमत झालं तर सायकल, नाही तर विषय बंद.” अमोल पुण्याहून आलेला आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, हर्षाली म्हणेल तसं. तुमची मुलगी तुमच्यावर गेली. माझा मुलगा कुणावर गेला, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा लिहिते. सृष्टीचा उजवा हात कोपराच्या थोडा खाली संपतो, हे तुम्ही आणि मी ती जन्मली त्या दिवसापासून जाणतो. तो वाढणार नाही. ती मात्र वाढते आहे. पाचवीत गेली. तिच्या मैत्रिणी संध्याकाळच्या क्लासला सायकलने जातात आणि ही त्यांच्या मागे पळत जाते. वळणापर्यंत पळते, मग त्या दिसेनाशा झाल्या की चालायला लागते. मी गॅलरीतून रोज बघते. तुम्ही मनमाडला असता, तुम्हाला ते दिसत नाही.

बाजारात तिच्यासाठी सायकल मिळत नाही, म्हणून मी घरी करणार आहे. सोसायटीतल्या एका मुलाची जुनी वीस इंची सायकल मिळाली आहे. सांगाडा चांगला आहे. मी बी.एस्सी. झाले ती फिजिक्स घेऊन, आणि सातपूरच्या कारखान्यात नोकरीभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग तपासून पास-नापास केले. एक सायकल मला जमेल.

तुमचं मत कळवा. कारणांसकट.

उज्वला


मनमाड
९ ऑगस्ट २०२५

उज्वलाताई,

नमस्कार. पत्र पोचलं. तुमचं अक्षर बघून आमचा संतोष म्हणाला, मामलेदार कचेरीतून आलं का काय.

कारण विचारलंत. ऐका. सृष्टीच्या बारशाला आलेल्या बायका पाळण्यापाशी यायच्या आणि तोंड बघायच्या आधी दुपटं उचलून हात बघायच्या. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात जिलब्या मोजत होता. मी पाळण्यापाशी उभी होते. त्या दिवसापासून मी ठरवलं, या पोरीला कुणी टक लावून बघेल असं काही होऊ द्यायचं नाही. म्हणून मी तिला लांब बाह्यांचे फ्रॉक शिवते. आता तुम्ही तिला भर रस्त्यात सायकलवर बसवणार, वर तिच्या सायकलला सगळ्यांपेक्षा वेगळं काहीतरी लावणार. सगळा गाव वळून बघेल.

हे एक. दुसरं म्हणजे पडली तर? आपण पडलो की दोन्ही हात पुढं करतो. ती काय पुढं करणार? तोंड? मागच्या मे महिन्यात आमच्या ओट्यावरून घसरली तेव्हा हनुवटीला टाके पडले. ते मी बघितलेत, तुम्ही नाय.

पाणी आलं वाटतं. आज सोळाव्या दिवशी आलंय, थांबते.

भरून झालं. तर माझं मत नाही असं आहे. पळत जाते तर जाऊ द्या, पाय मजबूत होतील.

लताबाई


नाशिक
१७ ऑगस्ट २०२५

लताबाई,

लांब बाह्या ती घरातून निघाली की जिन्यातच दुमडते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते. आता कागदावर खरं बोलायचं ठरलं आहे, तर सांगते.

पडण्याचा मुद्दा मात्र योग्य आहे. त्याचं उत्तर देते.

हँडलचा उजवा दांडा मी कापला आणि तिथे वर आणि मागे येणारी नळी बसवली. वेल्डिंग तेवढं बाहेरून करून घेतलं. नळीच्या टोकाला एक वाटी आहे. पीव्हीसीचा पाइप गरम करून, तिच्या हाताच्या मापाने वाकवून केली. आत जुन्या योगा मॅटचं अस्तर आहे. हात त्या वाटीत टेकतो, त्यामुळे तिला वाकडं बसावं लागत नाही आणि हँडल दोन्ही बाजूंनी ढकलता येतं. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक डाव्या हाताच्या एकाच लिव्हरवर घेतले आहेत. मागचा आधी लागतो, पुढचा किंचित नंतर, म्हणजे ती डोक्यावर पडणार नाही. डाव्या मुठीत किती जोर आहे ते मी रद्दीवाल्याचा काटा मागून मोजलं. तो म्हणाला, “आजी, नातीला विकायला काढली का?” जोर पुरेसा आहे.

वाटी वरून उघडी ठेवली आहे. सायकल कलली तर हात आपोआप बाहेर येईल आणि ती मोकळी पडेल. मोकळं पडणं हेच सुरक्षित पडणं.

रस्त्याचं म्हणाल तर सिंहस्थाच्या कामांसाठी अर्धं नाशिक खणून ठेवलं आहे. मी तिला सोसायटीच्या आतच शिकवेन. मोठ्या रस्त्यावर नाही.

लोक बघतील, हे खरं. बघू देत.

उज्वला


मनमाड
२५ ऑगस्ट २०२५

उज्वलाताई,

तुमचं पत्र मी संतोषला मोठ्यानं वाचायला लावलं. तो रेल्वेत आहे, त्याला यंत्रातलं कळतं. तो म्हणाला, आई, ब्रेकचं डोकं लय भारी आहे. तेवढं मी मान्य करते.

पण वाटी उघडी? रस्त्यात साधा खड्डा आला तर हात उडून बाहेर येईल, हँडल एका हाताच्या बाजूला फिरेल आणि पोरगी दगडावर. संतोषलाही पटलं. तुमच्या फिजिक्समध्ये खड्डे नाहीत का?

सृष्टीनं परवा फोनवर काय विचारलं सांगते. “आजी, तू हो म्हणालीस का?” मी म्हटलं, अजून नाय. ती म्हणाली, “बरं.” रडली नाही, भांडली नाही. नुसतं बरं. मला दिवसभर भाकरी गेली नाही.

म्हणून आता माझी अट ऐका. मी पट्टा शिवून संतोषबरोबर पाठवते आहे. जाड कॅनव्हासचा आहे, आतून मऊ सुती, दप्तराला असतं तसं क्लिपचं बक्कल, तिला डाव्या हातानं लावता येईल. तो वाटीला जोडायचा आणि हात आत ठेवून बांधायचा. पट्टा बांधून चालवणार असेल तर माझं हो. पट्टा नसेल तर माझं नाही, आणि मग हर्षालीला मी तसं सांगणार.

माझ्या शिलाईची काळजी करू नका. या मशीनवर मी मनमाडच्या निम्म्या नवऱ्या सजवल्यात, एकीचीही शिवण उसवली नाही.

लताबाई


नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

लताबाई,

पट्टा मिळाला. वाटीला जोडला आहे. बक्कल ती एका हाताने लावते, क्लिकचा आवाज तिला आवडतो. तुमची अट पाळली गेली आहे, असं हर्षालीला कळवलं.

सायकल पूर्ण झाली. रंग सृष्टीने ठरवला, पिवळा. मी निळा सुचवला होता, मळत नाही म्हणून. माझं कुणी ऐकलं नाही.

गणपती उठल्यावर शिकवायला घेतलं. सीट धरून मी मागे पळाले. या वयात पळायचं म्हणजे गंमत नाही. परवा मी सीट सोडली आणि तिला सांगितलं नाही. पार्किंगच्या टोकाला जाऊन वळल्यावर तिने मला लांब उभी पाहिली. ती ओरडली नाही. तिने घंटी वाजवली.

खांदा जरा धरला आहे, त्यामुळे अक्षर वाईट आलं आहे. समजून घ्या.

उज्वला


मनमाड
२२ सप्टेंबर २०२५

उज्वलाताई,

आज घट बसले. सकाळपासून घाई आहे, तरी लिहिते.

तुमचं अक्षर इतकं वाकडं मी कधी बघितलं नव्हतं. खांद्याचं निमित्त कशाला सांगता? अट मानावी लागली म्हणून रागात लिहिलंत, ते मला कळलं. राग असू द्या. माझी पोरगी सुखरूप असली म्हणजे झालं.

हर्षालीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. मी तो किती वेळा बघितला ते सांगत नाही. पिवळाच रंग बरा दिसतो. शेजारची शकुबाई बघायला आली, म्हणाली, “हाताला काय लावलंय तिच्या?” मी म्हटलं, “पट्टा. मी शिवलाय.” दुसरं काही विचारायची तिची हिंमत झाली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला सायकलसकट इकडे पाठवा. संतोष गाडी घेऊन येईल. आमच्याकडेही बघू द्या लोकांना.

लताबाई


नाशिक
१५ ऑक्टोबर २०२५

लताबाई,

संतोष खाली थांबला आहे, त्यामुळे थोडक्यात.

हवा दर रविवारी तपासायची. चेनला तेल दोन थेंब, जास्त नाही. ब्रेकच्या वायरी रोज एकदा दाबून बघायच्या. हर्षाली भाऊबीज करून परत येईल, सृष्टी शाळा उघडेपर्यंत राहील. सायकलमध्ये कुणीही कसलाही बदल करू नये. काही वाटलं तर आधी मला विचारावं.

फराळात चकली मऊ पडली आहे. तेवढी चालवून घ्या.

उज्वला


मनमाड
२४ ऑक्टोबर २०२५

उज्वलाताई,

चकली मऊ नव्हती, ओली होती. पण अनारसे चांगले होते, म्हणून माफ.

तुमची ती हुकमाची चिठ्ठी संतोषनं फ्रिजवर चिकटवली आहे. येणारे-जाणारे वाचून हसतात. कुणीही कसलाही बदल करू नये म्हणे. सायकल आहे का आगगाडीचं इंजिन?

काल भाऊबीज झाली. हर्षाली आज सकाळच्या गाडीनं निघाली. सृष्टी गल्लीत नुसती भिरभिरते आहे. शकुबाईच्या नातवाला तिनं मागं टाकलं. तो आता सायकल बाहेर काढत नाही.

आता एक बोलते, राग मानू नका. एवढं तपासणारं डोकं तुमचं, आणि पट्ट्याकडे लक्ष नाही? बक्कलापाशी शिवण पार गेलेली. नुसते चार धागे राहिले होते, कच्च्या टाक्यासारखे. हाताला एक हिसका बसला असता तर पट्टा सुटून आला असता. माझी शिवण कधी अशी जात नाही, पोरीनं ओढून ओढून घालवली असेल. मी लगेच मशीनवर घेतला, नायलॉनचा दोरा घालून दुहेरी शिवण मारली, वर चौकटीत फुली. आता हत्ती लावून ओढला तरी सुटणार नाही.

रविवारी संतोष तिला पुलाकडच्या उतारावर घेऊन जाणार आहे. ब्रेकची परीक्षा घ्यायची आहे म्हणे मामाला. तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे विचारलं नाही असं नको.

लताबाई


नाशिक ते मनमाड, बसमध्ये
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

लताबाई,

तुमचं शुक्रवारचं पत्र आज पोस्टमनने दिलं. तुमचा फोन बंद आहे. संतोष उचलत नाही. हर्षाली ऑपरेशनच्या खोलीत आहे, तिचा फोन बाहेर कपाटात असतो. मी मिळाली ती बस धरली. पिंपळगाव गेलं. गाडी हलते आहे, आणि तसाही माझा उजवा खांदा अजून बरा नाही. का नाही, तेच लिहिते आहे. तुमच्या समोर उभी राहिल्यावर मला हे बोलता येणार नाही, म्हणून हा कागद आधी तुमच्या हातात देईन.

तो पट्टा पोरीने ओढून घालवला नव्हता. तुमची शिवण मी उसवली.

पट्टा आला तेव्हा मी तो वाटीला जोडला आणि नेहमीसारखी चाचणी घ्यायची ठरवली. पार्किंगमध्ये जुनी गादी टाकली, सायकलवर बसले, उजवी मूठ वाटीत घालून तुमचा पट्टा बांधला आणि मुद्दाम डावीकडे पडले. सोसायटीतले लोक गॅलरीत उभे राहून बघत होते. सायकल पडली, मी पडले, हात निघाला नाही. सगळ्या सायकलचं वजन खांद्यावर आलं. मला उठता येईना. वॉचमनने बक्कल उघडलं.

मला कळलं की हा पट्टा ठेवता येणार नाही. पट्टा काढला तर तुमचं नाही येणार, हेही कळत होतं. म्हणून मी बक्कलापाशी तुमची शिलाई उसवली आणि साध्या दोऱ्याचे चार कच्चे टाके घातले. खड्ड्यात धरून ठेवतील, पडताना तुटतील. पुन्हा पडून बघितलं, या वेळी डावा हात वाटीत बांधून. तुटले. दर वेळी नवे घालायचे, असं ठरवलं. अट पाळली गेली आहे, हे मी तुम्हाला लिहिलं. ते खोटं होतं.

आमच्या कारखान्यात एक नियम होता. भाग ज्याने बनवला त्याला कळवल्याशिवाय त्यात बदल करायचा नाही. तो नियम मी नव्या मुलांना शिकवायची. चुकलेल्यांना सगळ्यांसमोर बोलायची.

चांदवड आलं. दोन माणसं उतरायला इतका वेळ का लागतो?

आणखी एक आहे, ते सगळ्यात वाईट. सृष्टीने मला टाके घालताना पाहिलं. तिने विचारलं, मी तिला सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, मनमाडच्या आजीला यातलं काही सांगायचं नाही.

काल रविवार होता. तो उतार मला माहीत नाही. तो किती मोठा आहे, मला माहीत नाही.

उ.


मनमाड
३ नोव्हेंबर २०२५

उज्वलाताई,

तुम्ही दारात आलात तेव्हा मी तुम्हाला आत या म्हणाले नाही. “उशीर केलात” एवढंच म्हणाले. तुमचा कागद मी तुमच्यासमोर घेतला आणि वाचला नाही. रात्रीही वाचला नाही. तुम्ही सृष्टीला घेऊन गेल्यावर वाचला.

फोन मी आदल्या दिवसापासून बंद ठेवला होता. संतोषही उचलत नव्हता, कारण मीच त्याला सांगितलं होतं, उज्वलाताईंना आणि हर्षालीला आत्ता काही कळवायचं नाही, आधी प्लास्टर होऊ दे. माझ्या घरी पडली, हे कुठल्या तोंडानं सांगू? तेव्हा लपवण्यात मी तुमच्या मागं नाही.

संतोषचा यात दोष धरू नका. तो तिच्या बाजूनं पळत होता. ब्रेक बरोबर लागले, दोन्ही लागले. शेळी आडवी आली म्हणून तिनं दाबले, सायकल थांबली आणि थांबून डावीकडे पडली. एवढंच. कुठल्याही पोरानं उठून कपडे झटकले असते. हिचा हात वर अडकून राहिला, फुली मारलेल्या नायलॉनच्या दोऱ्यात. संतोष सांगतो, आधी ती ओरडली नाही, बक्कल शोधत होती. डावा हात अंगाखाली दाबला गेला होता. डॉक्टर म्हणाले उजव्या कोपराच्या वर हाडाला चीर गेली आहे, भरून येईल.

तुम्ही खोटं लिहिलंत, त्याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही. पण मला दुसरंच खातंय. मी पट्टा मशीनखाली घेतला तेव्हा ती शेजारी उभी होती. म्हणाली, “असू दे ना आजी, तसाच असू दे.” मी विचारलं, का गं? ती पुन्हा म्हणाली, असू दे. मी म्हटलं, शिवणातलं मला शिकवतेस होय? हट्ट करू नको. आणि पाय दाबला मशीनवर.

तिचं तोंड तुम्ही बांधलंत. पण तिच्या तोंडाकडे मी बघितलं असतं तर कळलं असतं.

सायकल मागच्या खोलीत आहे, कुलूप लावलंय. हर्षालीला मी सांगितलं, माझं नाही. कायमचं नाही. तुम्ही पत्र लिहून मला पटवायला जाऊ नका.

लताबाई


नाशिक
१४ नोव्हेंबर २०२५

लताबाई,

पटवायला लिहीत नाही. तुमचं नाही मला मान्य आहे आणि हर्षालीलाही मी तसं सांगितलं आहे. तुम्ही नाही म्हणाला नसतात तर या वेळी मी म्हणाले असते.

सृष्टी शाळेत जाते आहे. तुमच्या लांब बाह्या प्लास्टरवर चढत नाहीत, म्हणून एका फ्रॉकची उजवी बाही कापली. आधी तुम्हाला कळवायला हवं होतं, पण सकाळी घाई होती. आता कळवते आहे.

ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. परवा मी कपाट आवरताना तुमची सगळी पत्रं एकत्र बांधत होते. तिने विचारलं, ही कशाची. मी म्हटलं, तुझ्या सायकलची. तिने सगळी वाचायला मागितली. मी दिली. माझीही तुम्ही ठेवली असतील तर तिला द्या, असं ती म्हणाली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “माझ्या हाताबद्दल तुम्ही दोघींनी एवढी पत्रं लिहिली. मला एकही नाही?”

तिने वहीचं पान फाडून स्वतः लिहिलं आहे. ते बरोबर जोडलं आहे. मी वाचलेलं नाही. तिने पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं.

उज्वला


नाशिक

प्रिय मनमाडच्या आजीस,

सा. न. हे पत्र मी एकटीने लिहिलं आहे. नाशिकची आजी बाहेर बसली आहे आणि पेपर वाचत असल्याचं दाखवते आहे.

मला नाशिकच्या आजीने सांगितलं, बोलायचं नाही. तू सांगितलंस, हट्ट करायचा नाही. मी दोघींचं ऐकलं. पुढच्या वेळी ऐकणार नाही.

पट्टा नसेल तर खड्ड्यात हात उडतो, हे तुझं बरोबर आहे. एकदा पट्टा न लावता गेले तेव्हा उडाला होता, मी कुणाला सांगितलं नाही. पट्टा पक्का असेल तर काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. कच्चे टाके पण नकोत, कारण एकदा तुटले की नाशिकची आजी सुईत दोरा ओवेपर्यंत अंधार पडतो.

तू माझ्या सगळ्या फ्रॉकना आणि युनिफॉर्मला टिचबटणं लावतेस. मी बालवाडीत असल्यापासून. साधी बटणं मला एका हाताने यायची नाहीत म्हणून. ती दाबली की लागतात, आणि जोरात ओढलं की टिच करून उघडतात. शाळेत दंगा करताना कुणी माझा फ्रॉक धरून ओढला तरी तो फाटत नाही, नुसता उघडतो. मला वाटतं पट्ट्याला तेच लाव. रेनकोटला असतं ते मोठं लाव. एकच. दोन लावू नको, तू दोन लावशील.

मला घाई नाही. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल.

तुझी
सृष्टी

ता. क. कुलूप लावलंस तरी चेनला तेल घाल. दोन थेंब.


मनमाड
२१ नोव्हेंबर २०२५

उज्वलाताई,

सृष्टीचं पत्र मिळालं. तिला वेगळं लिहिलं आहे, ते उघडू नका.

सात वर्षं मी त्या पोरीला टिचबटणं लावते आहे. डझनानं आणते. आणि मला सुचलं नाही. मशीनच्या खणात समोर पडलेली असतात. तुम्हालाही रोज तिचा फ्रॉक वाळत घालताना सुचलं नाही, तेव्हा बोलू नका.

नवा पट्टा शिवला. कॅनव्हास तोच, बक्कल काढलं. बटण एकच लावलं. दुसरं हातात घेतलं होतं, परत ठेवलं. संतोषनं ओढून बघितलं, मी ओढून बघितलं. आमच्या ओढण्याला किती अर्थ आहे, ते तुम्हाला माहीत.

माझं नाही अजून नाहीच आहे. हर्षालीला काही सांगू नका, सृष्टीला तर मुळीच नाही. नाही, थांबा. सृष्टीला सगळं सांगा. तिच्यासमोरच करायचं आहे.

रविवारी सकाळी संतोष सायकल आणि मला घेऊन येतो आहे. पट्टा तुमच्या पद्धतीनं तपासायचा. पण या वेळी तुम्ही सायकलवर बसायचं नाही, तो खांदा आधी दाखवून घ्या कुणाला तरी. पट्टा मी शिवलाय, मीच बांधून घेणार आणि मीच पडणार. तुमच्या सोसायटीतल्या लोकांना गॅलरीत उभं राहायचं तर राहू द्या. हात निघाला तर बघू. नाही निघाला तर वॉचमनला जवळ थांबायला सांगा.

गादी घालाल ती जाड घालू नका. खरं काय ते आपल्याला कळलं पाहिजे.

लताबाई